पायांसाठी भेट



आमच्या बेळगावच्या पॅरिशमधला एक मुलगा यंदा पाककलेची पदवी घेऊन बाहेर पडला. पहिल्या कम्युनियनच्या तयारीपासून तो माझा विद्यार्थी. गोव्यातल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात त्याला नोकरी लागली. जाण्याआधी सर्वांतर्फे त्याला काही द्यावे असे ठरले आणि वस्तू निवडायचे काम माझ्याकडे आले.

सूचना भरपूर आल्या. एका बाईंना संत लॉरेन्सची तसबीर द्यावीशी वाटली. सन 258 मध्ये रोममध्ये हुतात्मा झालेले हे संत स्वयंपाक्यांचे आश्रयदाते. 10 ऑगस्टला त्यांचा सण असतो. तरुणांचे म्हणणे, भारी सुरी द्या. त्यावर एक आजी म्हणाल्या, "सुरी देऊ नये, नाते तुटते." असल्या समजुतींवर माझा विश्वास नाही. पण सुरी ज्याच्या हातात बसायची त्यानेच पारखून घ्यावी, आणि कॉलेजात घेतलेल्या सुऱ्या त्याच्याकडे होत्याच.

शेवटी मी त्यालाच विचारले, "ट्रेनिंगमध्ये तुला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?"

"पायांचा, टीचर," तो लगेच म्हणाला. दहा-बारा तास उभे राहायचे. फरशीवर पाणी, तेल. हातात उकळते पातेले आणि मागून कुणीतरी घाईत येत असते. साधा बूट घसरतो, कापडी बुटातून गरम तेल आत शिरते. न घसरणाऱ्या तळव्याचे, पुढून बंद असलेले बूट हवेत; पण ते तो पहिल्या पगारातून घेणार होता. म्हणजे सगळ्यात कठीण पहिला महिना तसाच काढणार होता.

बूट द्यायचे म्हटल्यावर एक काका नाराज झाले. "भेट म्हणून कुणी पायताण देतं का?" त्यांचेही चूक नव्हते. आपल्याकडे मानाची वस्तू डोक्याची किंवा खांद्याची: फेटा, शाल. पण मला पवित्र गुरुवार आठवला. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. पेत्र आधी नकोच म्हणतो. आपले पाय दुसऱ्याच्या हाती देणे सोपे नसते. हा मुलगाही बूट बघून लाजला. "माझ्यासाठी एवढं कशाला?" म्हणाला.

त्याच्या आईची काळजी मात्र बुटांनी मिटणारी नव्हती. "रविवारी ड्यूटी, नाताळच्या रात्री तर हॉटेल भरलेलं. माझा मुलगा मिस्साला कधी जाणार?" हे विचारताना तिचे डोळे भरले. त्या रात्री घरात त्याची जागा रिकामी राहणार, हे मी बदलू शकत नव्हते. पण शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून चालते, एवढे मला ठाऊक होते. हॉटेलजवळच्या चर्चची चौकशी केली, मिस्साच्या वेळा एका कार्डावर लिहिल्या आणि ते कार्ड बुटांच्या खोक्यात ठेवले.

तुमच्याही घरातून, पॅरिशमधून अशी मुले बाहेर पडत असतील. भेट घेण्याआधी त्यांना एकदा विचारा: कामात तुला जड काय जाते? उत्तर बहुधा साधे असेल आणि वस्तूही महाग नसेल. मात्र मापाचा अंदाज बांधू नका, आईकडून पक्के विचारून घ्या.

पुनरुत्थानानंतर प्रभूने तलावाकाठी निखारे पेटवून दमलेल्या शिष्यांसाठी मासळी आणि भाकर तयार ठेवली होती. सणाच्या दिवशी हॉटेलात जेवायला बसाल तेव्हा ताटावरची प्रार्थना करताना आत उभे असलेल्यांचीही आठवण करा. त्यांच्यातही कुणाच्या तरी आईचा मुलगा आहे आणि त्याचे जेवण अजून व्हायचे आहे.