निळ्यापासून विटकरीपर्यंत

सत्तर-ऐंशीच्या दशकांत ज्या घरांत कुणाला मधुमेह होता, तिथल्या आम्हा मुलांना बेनेडिक्टचं द्रावण शाळेच्या प्रयोगशाळेआधी घरातच दिसलं. फडताळाच्या वरच्या फळीवर परीक्षानळी, लाकडी चिमटा, ड्रॉपर आणि स्पिरिटचा दिवा. नळीत ५ मिलिलिटर निळं द्रावण, त्यात लघवीचे ८ थेंब, मग दिव्यावर उकळी. नळीचं तोंड कुणाच्या अंगाकडे धरायचं नाही, ही ताकीद घरोघरी असे. निळं राहिलं की सगळे निर्धास्त. हिरवं, पिवळं, नारिंगी म्हणजे साखर चढती. आणि तळाशी विटकरी गाळ बसला की आजोबांच्या ताटातला भात कमी होई. आलेला रंग कॅलेंडरच्या चौकटीत लिहायचा आणि डॉक्टरांकडे जाताना कॅलेंडरचं पानच सोबत न्यायचं.

पण रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली तरच ती लघवीत उतरते. त्यामुळे १५० असो की ५०, नळी निळीच. साखर घसरल्याचं नळीला कळत नसे, ते आईला कळे. आजोबांच्या कपाळावर घाम आला, हात थरथरू लागले, एरवी शांत असणारा माणूस उगाच चिडला, की ती हातातलं काम टाकून साखरपाणी ढवळत धावे.

पुढे ग्लुकोमीटर आला आणि थेंबभर रक्तावर काही सेकंदांत आकडा मिळू लागला. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचायचं, आंबा चिरलेले हात आधी धुवायचे, नाहीतर आकडा खोटाच वाढतो, हे घराघरानं शिकून घेतलं. साखर ७०च्या खाली दिसली तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हेही.

आता आई-वडील पुण्या-ठाण्यात एकटे राहतात आणि सकाळचा आकडा परदेशातल्या मुलांना व्हॉट्सॲपवर जातो. आजोबांच्या पिढीला जे मिळालं नाही ते आई-वडिलांच्या हातात आहे, याचा मनापासून आनंद वाटतो. पण साखर फार उतरली की मीटर उचलण्याचंही भान राहत नाही. म्हणून मीटर घेऊन द्याल तेव्हा शेजाऱ्यांना आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही घाम, थरथर, चिडचिड ही लक्षणं सांगून ठेवा. शुद्धीवर असतील तर साखरपाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता लगेच दवाखान्यात न्या, हेही त्यांना बजावून सांगा.