ओवा पोटासाठी, छातीच्या कळेसाठी नाही

भजी असोत की चकली, चिमूटभर ओवा हवाच. जड जेवणानंतर ओवा आणि सैंधव मीठ चावून खाण्याची आमच्या घरची पद्धत मी आजही पाळतो. आयुर्वेदात ओव्याला 'यवानी' म्हणतात. तो भूक वाढवणारा आणि पाचक मानला जातो. म्हणूनच बाळंतिणीला जेवणानंतर ओवा देतात. त्याचा उग्र वास थायमॉल या जंतुनाशक द्रव्याचा असतो; काही माउथवॉशमध्येही ते असते.

पोट फुगले, ढेकर येत असतील तर पाव ते अर्धा चमचा ओवा चावून खा, वर कोमट पाणी प्या. ओवा उष्ण आहे. आम्लपित्त किंवा अल्सर असेल तर टाळा. गरोदरपणात औषध म्हणून मनाने घेऊ नका.

आता रुग्णांना मी वारंवार सांगतो ती गोष्ट. छातीत जडपणा, दरदरून घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दम लागणे, याला 'गॅस' समजून ओवा चावत बसू नका. मधुमेही व्यक्तींना तर हृदयविकाराच्या झटक्यातही काही वेळा फारसे दुखत नाही. पहिला तास मोलाचा असतो. १०८ ला फोन करा, ईसीजी काढून घ्या. डॉक्टरांनी तपासून गॅसच आहे असे सांगितले, तर घरी येऊन खुशाल ओवा खा.