ओले हात

एखादी वस्तु भरवशाची आहे कीं नाहीं हें तिच्या मालकाला विचारावें, असा सर्वसाधारण प्रघात आहे. मला मात्र अनुभवांतीं असें वाटूं लागलें आहे कीं, मालकाइतका बेभरवशाचा साक्षीदार दुसरा कोणी नसेल. ज्यानें पदरचे पैसे मोजले तो, वस्तु धड चालत असेल तोंवर, उपवर मुलीच्या बापानें मुलीचे गावे तसे तिचे गुण गात असतो. आणि ती बिघडली म्हणजे घरांतल्या कोणाच्या तरी माथीं तो बिघाड मारून मोकळा होतो. वस्तु आपली आपणच बिघडली असें म्हणणें म्हणजे आपली निवड चुकली असें कबूल करणें. तें कोणाच्या जिवावर येत नाहीं?

हें मी दुसऱ्यांकडे बोट दाखविण्यासाठीं लिहीत नाहीं. २००५ सालीं माझ्या हातून असाच एक अपराध घडला, आणि त्याला निमित्त झाला तो खिशांत मावण्याजोगा एक डिजिटल कॅमेरा.

तो आम्हीं २००३ च्या दिवाळींत घेतला. पुण्याच्या घरांत त्या वेळीं लहानमोठीं मिळून अकरा माणसें होतीं. दादांचा, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंचा, या खरेदीला मूळचा विरोध होता. साडेअठरा हजार रुपयांत रिळाचे किती फोटो निघतील याचा हिशेब त्यांनीं कागदावर मांडून दाखविला होता. परंतु मी तीन आठवडे माहितीपत्रकें चाळीत होतों, दुकानें पालथीं घालीत होतों, ज्यांनीं ज्यांनीं असा कॅमेरा घेतला होता त्यांच्या घरीं जाऊन चौकशा करीत होतों. पैसे निम्मे दादांचे; निवड मात्र सर्वस्वी माझी. त्याची शक्ति ३.२ मेगापिक्सेलची, म्हणजे सुमारें ३२ लाख ठिपक्यांची, असें मी येणाऱ्याजाणाऱ्याला आवर्जून सांगत असें. आजच्या साध्या मोबाइलमध्यें याच्या कित्येक पट ठिपके असतात. पण त्या दिवाळींत हा आंकडा ऐकून शेजारच्या गृहस्थांनीं हातांतला चहाचा कप खालीं ठेवला होता.

कॅमेरा घरांत आल्यावर दादांचा विरोध मावळला आणि त्याची जागा नियमांनीं घेतली. त्यांना रिळाच्या ३६ फोटोंची संवय. कार्डावर शंभराहून अधिक फोटो मावत असतांहि एका समारंभाला ३६ च्या वर एक फोटो काढावयाचा नाहीं, हा पहिला नियम. बॅटऱ्या कोणत्या तारखेला भारल्या, फोटो कोठें काढला, कोणी काढला, हें सारें एका वहींत टिपून ठेवावयाचें, हा दुसरा. त्या वहीला आम्ही मागें हंसत असूं.

फोटो काढण्याचें काम मात्र लवकरच वहिनींकडे गेलें. तें कोणी त्यांना दिलें नव्हतें. त्या वेळच्या या लहान कॅमेऱ्यांत एक मोठीच खोड होती. बटण दाबावें, कॅमेऱ्यानें क्षणभर विचार करावा आणि मग फोटो निघावा. तेवढ्या वेळांत मूल तोंड फिरवी, फुंकर मारून झालेली असे, नवरदेवाचे डोळे मिटत. मी दरवेळीं कॅमेऱ्यावर चरफडत असें. वहिनींनीं चार दिवसांत त्याचा स्वभाव ओळखला. बटण अर्धें दाबून धरावयाचें, म्हणजे त्याचा विचार आधींच होऊन राहतो; आणि जें घडणार तें घडण्याच्या किंचित् आधीं तें पुरें दाबावयाचें. आमटीला उतूं येण्यापूर्वीं ज्यांचा हात चुलीकडे जातो त्यांना हें शिकवावें लागत नसावें. त्यांनीं काढलेल्या फोटोंत आमच्या घरांतलीं माणसें प्रथमच माणसांसारखीं दिसलीं. आम्ही पुरुषमंडळी फोटो काढावयाच्या आधीं सर्वांना शाळेंतल्यासारखें रांगेंत उभें करीत असूं.

मे २००५ मध्यें तात्यांचें सहस्रचंद्रदर्शन करावयाचें ठरलें. तें मूळ घरींच व्हावें अशी तात्यांची इच्छा. आमचें मूळ घर दापोली तालुक्यांत, समुद्रापासून हांकेच्या अंतरावर. मे महिन्यांतला तिकडचा उकाडा ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगावयास नको. पारा ३४ अंशांच्या वर जात नाहीं, आणि तरी अंगांतला सदरा दिवसांतून तीनदां पिळावा लागतो. माजघरांत मीठ बरणींतल्या बरणींत पाझरतें. साठांवर माणसें जमलीं होतीं. होमहवन आटोपलें, तुला झाली आणि सुवासिनी ८१ दिव्यांनीं तात्यांचें औक्षण करण्यास उठल्या. वहिनी तेव्हां स्वयंपाकघरांत पानांची तयारी पाहत होत्या. त्यांना हांक मारली. त्या लगबगीनें आल्या, पदराला हात पुसले आणि मांडवाच्या खांबाला टेकून त्यांनीं कॅमेरा डोळ्यांसमोर धरला.

त्यांच्या कपाळाला आठी पडलेली मीं पाहिली. त्यांनीं एकदां बटण दाबलें, पुन्हां दाबलें, आणि मग कॅमेरा माझ्याकडे केला. मागच्या पडद्यावर तात्यांचा चेहरा जांभळा झाला होता आणि विहिरींतलें प्रतिबिंब खडा पडल्यावर हलावें तसा आडव्या रेघांनीं तुटला होता. मीं कॅमेरा जवळजवळ हिसकावूनच घेतला. बंद केला, चालूं केला, बॅटऱ्या बदलल्या. पुढच्या फोटोंत चेहराहि उरला नाहीं. नुसता काळा पडदा. इकडे दिवे ओंवाळून झाले होते.

आणि साठ माणसांच्या देखत मी म्हणालों, “ओल्या हातांनीं यंत्र धरूं नये एवढें तरी कळायला नको का?”

“भाऊजी, हात पुसले होते मीं,” इतकेंच वहिनी बोलल्या आणि आंत गेल्या. पंगत बसायची होती. दादा माझ्याकडे पाहत होते, पण त्यांनीं तोंडांतून शब्द काढला नाहीं. एका पाहुण्यापाशीं रिळाचा कॅमेरा होता. त्याच्या रिळांत उरलेल्या फोटोंतून जेवणाची पंगत आणि तात्यांची पाठ आम्हांला मिळाली. औक्षणाचा फोटो नाहीं तो नाहींच. पुढच्याच वर्षीं तात्या गेले.

पुण्यास परतल्यावर मी कॅमेरा घेऊन दुरुस्तीच्या दुकानीं गेलों. एका वर्षाची हमी केव्हांच संपली होती. तेथल्या माणसानें कॅमेरा न उघडतांच, कोंकणांत नेला होता म्हणतां तर पाणी गेलें असेल, असें सांगितलें आणि दुरुस्तीची जी रक्कम सांगितली तींत नवा कॅमेरा येत होता. मला दुरुस्तीपेक्षां निकाल हवा होता; तो मिळाला. त्यांतच आणखी एक पुरावा पुढें आला. आमच्या सोलापूरच्या मेहुण्यांनीं माझ्याच सांगण्यावरून अगदीं तोच कॅमेरा घेतला होता आणि तो बिनतक्रार चालला होता. एकाच कारखान्याचा, एकाच बनावटीचा माल. त्यांचा चालतो आणि आमचा नाहीं, तर दोष हाताळण्यांतच असला पाहिजे! आपण केवढें तर्कशुद्ध बोलत आहों असें मला तेव्हां वाटत होतें.

वहिनींनीं त्यानंतर कॅमेऱ्याला हात लावला नाहीं. घरांत दुसरा कॅमेरा आला, मग मुलांचे मोबाइल आले. कोणी त्यांच्या हातीं दिला तर, “तुम्हीच काढा, मला नाहीं जमत,” असें म्हणून त्या बाजूस होत. आमच्या घरच्या पुढल्या साऱ्या समारंभांचे फोटो त्यामुळें पुन्हां रांगेंतले आहेत.

आतां २०२३ सालची गोष्ट. मधल्या काळांत दादाहि गेले. त्यांची नात महाविद्यालयांत शिकते. तिच्या वयाच्या मुलामुलींत हल्लीं वीस वर्षांपूर्वींच्या लहान डिजिटल कॅमेऱ्यांची मोठी हौस आली आहे. हातीं उत्तम मोबाइल असतांना हीं मुलें जुने कॅमेरे धुंडाळीत हिंडतात. त्यांतल्या फोटोंचे रंग त्यांना निराळे वाटतात म्हणे. आजोबांच्या कपाटांत तिला तो स्टीलच्या डब्यांत ठेवलेला सांपडला. बॅटऱ्या घातल्या, लेन्स पुढें आली, फ्लॅश चमकला, जुने फोटो पडद्यावर स्वच्छ दिसले. नवा तेवढा काळा. मीं तिला ओल्या हातांची कथा सांगितली. तिनें ती ऐकून घेतली आणि दोन दिवसांनीं मला येऊन म्हणाली, “भाऊआजोबा, हें पाण्यानें झालेलें नाहीं.”

तिनें काढलेली माहिती अशी. अशा कॅमेऱ्यांत रिळाच्या जागीं सीसीडी नांवाची नखाएवढी चकती असते. ही कल्पना १९६९ मध्यें अमेरिकेंतल्या बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ या दोघांना सुचली; तीबद्दल २००९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. चकतीवर पडलेल्या प्रकाशाची विजेंत होणारी मोजदाद केंसाहून बारीक तारांनीं बाहेर आणावी लागते. त्या काळच्या कांहीं चकत्यांत या तारांचे जोड कच्चे राहिले होते. उष्ण आणि दमट हवेंत ते सुटत. मग फोटो जांभळे होत, त्यांत आडव्या रेघा येत, आणि अखेरीस कांहींच येत नसे. चकत्या बनविणारा कारखाना एक, पण त्या वापरणारे कॅमेऱ्याचे कारखाने अनेक. त्यामुळें निरनिराळ्या नांवांचे कॅमेरे एकाच रोगानें पडले. २००५ च्या अखेरीस या मंडळींनीं दोष जाहीर केला आणि हमीची मुदत संपलेले कॅमेरेहि विनामूल्य दुरुस्त करून देण्याचें कबूल केलें. म्हणजे मीं वहिनींना बोल लावल्यावर पुरतें अर्धें वर्षहि गेलें नव्हतें.

ऐकतां ऐकतां मला एकेक गोष्ट आठवूं लागली. पाणीच गेलें असतें तर लेन्स कशी हलली असती? बटणें कशीं चाललीं असतीं? जुने फोटो कसे दिसले असते? हें सारें त्या दिवशीं माझ्या हातांत होतें. सोलापूरचा उन्हाळा कडक असला तरी कोरडा. ज्या पुराव्यानें मीं वहिनींना दोषी ठरविलें त्यानेंच त्या निर्दोष ठरत होत्या.

डब्यांत कॅमेऱ्याखालीं दादांची वही होती. त्या दिवसाच्या पानावर सकाळीं ८-१० ची नोंद होती, “तात्या, ओटीवर. (सौ.)” त्याखालीं निराळ्या शाईनें तीनच शब्द होते, “बिघाड. कारण अज्ञात.” दादांनीं माझा निकाल मानलेला नव्हता. तें त्यांनीं वहींत लिहून ठेवलें, आणि मला किंवा वहिनींना बोलून दाखविलें नाहीं. याबद्दल त्यांच्यावर रागवावें कीं काय, तें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं.

वहिनींना सांगावयाला मला अकरा दिवस लागले. चुकीची कबुली पहिल्या दिवशीं जेवढी जड असते त्याच्या अठरापट ती अठरा वर्षांनीं होते. शेवटीं एका दुपारीं त्या मेथी निवडीत असतांना मीं समोर बसून सारें सांगितलें. त्यांनीं काड्या बाजूला करीत करीत ऐकलें.

“म्हणजे तारा सुटल्या होत्या?”

“होय.”

“आणि जोडून द्यायला ते पैसे घेत नव्हते?”

“नव्हते.”

“मग त्या वर्षीं नुसती चौकशी केली असती तरी झालें असतें.”

मी म्हणालों, “वहिनी, सगळ्यांच्या देखत मीं तुम्हांला बोललों तें…”

“तुम्ही बोललांत तें बोललांत,” त्या म्हणाल्या. “पण इतकीं वर्षें मी स्वतःशींच आठवून पाहत होतें, हात खरेंच पुसले होते ना? सुरवातीला अगदीं खात्री होती. मग मग मलाच वाटायला लागलें कीं, नसतील पुसले.”

यावर मला बोलतां येईना. ताटांतली मेथी मी निवडूं लागलों, आणि ती मी वाईट निवडतों म्हणून त्यांनीं ताट आपल्याकडे ओढून घेतलें.

नातीनें एका जुन्या दुरुस्तीवाल्याला गांठून, त्याच बनावटीच्या पण पडदा फुटलेल्या एका कॅमेऱ्यांतली चकती आमच्या कॅमेऱ्यांत बसवून घेतली. कॅमेरा चालूं झाला. पहिला फोटो आजीनेंच काढावा असा तिचा हट्ट. वहिनी नको नको म्हणत उठल्या. त्यांचे हात कोरडेच होते. तरी त्यांनीं ते पदराला पुसले, एकदां पुसून पुन्हां पुसले, आणि मग कॅमेरा हातांत घेतला. बटण अर्धें दाबून धरावयाचें तें त्या विसरल्या नव्हत्या.

कॅमेरा आतां त्यांच्याच कपाटांत असतो. त्याची लेन्स हल्लीं मधूनमधून अडकते. कशानें अडकते, अशी पृच्छा मीं अद्याप घरांत कोणाजवळ केलेली नाहीं.