कुरट्याच्या पाण्याखाली

धाम नदीच्या काठी, पवनारच्या खडकांवर ज्याचे बालपण गेले अशा माझ्यासारख्या वर्धेकराला, १६६४ मध्ये शिवछत्रपतींनी ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला त्याच्या तटाशी, काचेआडून पाण्याखाली जे दिसले ते दगड नसून सजीवांची वसाहत आहे, हे मनाला पटवून घ्यायला अवधी लागला. तळहाताएवढ्या प्रवाळावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक घरे होती आणि घराघरांत एकेक मऊ अंगाचा जीव, चुन्याचा सांगाडा रचीत, आपल्या पेशींत वसणाऱ्या सूक्ष्म शैवालाने सूर्यप्रकाशातून सिद्ध केलेल्या अन्नावर गुजराण करीत होता. पाणी प्रमाणाबाहेर तापले की हे शैवाल निघून जाते व प्रवाळ पांढरे पडते. गाळाने उजेड अडला तरी उपासमार ठरलेलीच.

सरकारने १९८७ मध्ये येथील २९.१२ चौरस किलोमीटरचा टापू सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला, हे उचितच झाले. परंतु माझ्या डोळ्यांदेखत एका होडीचा लोखंडी नांगर थेट प्रवाळावर उतरला, आणि एक हौशी प्रवासी छायाचित्रासाठी त्यावरच पाय रोवून उभा राहिला. "पाय टेकू नकात, जिती आसत ती!" आमचा तांडेल कळवळून ओरडला.

आमच्या बोर अभयारण्यात वाघाच्या वाटेवर गाडीतून उतरण्याची मुभा नाही; तोच दंडक येथे पाण्याखालीही लागू व्हावा, नांगराऐवजी होड्या बांधण्यास कायमचे तरंगते खुंट असावेत, आणि त्यांची राखण, रीतसर मोबदला देऊन, येथल्या गाबीत मच्छीमारांकडेच सोपवावी.