आमचे एक प्रशिक्षण

दुसऱ्यास शिकविण्याचा धंदा तीस वर्षे केलेल्या माणसाला आपणांस काही येत नाही हे कळण्याचा योग क्वचितच येतो. आम्हांस तो गेल्या हिवाळ्यात आला, आणि तो जालना जिल्ह्यात आला.

झाले ते असे. एका तालुक्याच्या गावी प्राथमिक शिक्षकांपुढे ‘अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर’ या विषयावर बोलण्याचे आम्हांस निमंत्रण आले. विषय आमच्या व्यासंगाचा नव्हे. परंतु नावामागे प्राध्यापक लागले की कोणत्याही विषयास नाही म्हणू नये, असा आमच्या धंद्यातील संकेत आहे. आम्ही साठ स्लाइडी तयार केल्या आणि तीन तास बोललो. चलच्चित्रांच्या भरवशावर शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील, असे भाकीत एडिसनने १९१३ साली केले होते. तेथून आरंभ करून आम्ही पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोडपर्यंत येऊन पोहोचलो. श्रोते अगदी स्तब्ध होते. ती स्तब्धता आम्ही एकाग्रतेची समजलो.

श्रोत्यांत मागच्या बाकावर आमचा एक जुना विद्यार्थी बसला होता. त्याचे घर अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीस. २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मराठा आरक्षणासाठी तेथे उपोषण झाले, आणि तोवर तालुक्याबाहेर फारसे कुणाला ठाऊक नसलेले हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. तो नोकरीस मात्र दुसऱ्या एका गावच्या शाळेत आहे. त्याने आग्रह केला म्हणून परतताना आम्ही त्याच्याकडे चहास गेलो.

“काय रे, कसे झाले आमचे व्याख्यान?” आम्ही विचारले. असा प्रश्न विचारणारास खरे उत्तर नको असते, हे आम्ही जाणतो.

“छान झाले, सर,” तो म्हणाला. चहा आला, दुसऱ्यांदा आला, आणि आम्ही तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा तो खाली पाहत म्हणाला, “सर, तुम्ही सगळे सांगितलेत. फक्त आम्ही कोणता धडा शिकवतो आणि पोरे कुठे अडतात, तेवढे विचारायचे राहिले.”

मग त्याने आपली हकिकत सांगितली. त्याच्या तिसरीच्या वर्गातील मुले अक्षरे ओळखीत, पण वाक्य वाचताना शब्दाशब्दावर ठेचाळत. वर्गात टीव्ही होता; मुले तो आवडीने पाहत आणि पुन्हा पूर्वीसारखीच ठेचाळत. दरमहा भरणाऱ्या शिक्षण परिषदेत शेजारच्या शाळेतील एका बाईंपाशी त्याने हे रडगाणे गायिले. बाईंनी एकच युक्ती सांगितली: मुलाचे वाचन आपल्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे आणि त्याचे त्यालाच ऐकवावे, आपण मध्ये बोलू नये.

दुसऱ्या दिवशी त्याने तसे केले आणि वर्गाचा बाजार झाला. प्रत्येकास आपला आवाज आधी ऐकावयाचा होता. युक्ती टाकून द्यावी असे त्याच्या मनात आले. परंतु त्या बाईंचा नंबर जवळ होता. त्याने फोन केला, बाई म्हणाल्या, “अहो, सगळ्यांना कशाला? दोघादोघांना ओसरीत बोलवा. बाकीच्यांना गणिते घाला.” पुढच्या आठवड्यात एका मुलीने आपले अडखळणे ऐकले, ती हसली, आणि कोणी न सांगता तिने पुस्तक उचलून तोच उतारा पुन्हा वाचला.

आम्ही चहा थंड होऊ दिला. आमच्या साठ स्लाइडींत ही ओसरी नव्हती. आणि समजा, पहिली युक्ती आम्ही सांगितलीही असती, तरी दुसऱ्या दिवशीच्या गोंधळानंतर तो कोणास फोन करणार होता? आम्हांस? त्याने तो केला नसता. कारण आम्ही ‘सर’ होतो, आणि सरांना आपली फजिती सांगायची नसते, हेही आम्हीच त्याला पूर्वी कधी तरी शिकविले असले पाहिजे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रत्येक शिक्षकासाठी दरवर्षी ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा आहे. आमच्यासारख्यांची तीन तासांची व्याख्याने त्यांत बसवावयाची झाली, तर सोळासतरा प्राध्यापकांत काम उरकेल! त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना दहा लक्ष डॉलरांचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, व त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटली. त्यांचे क्यूआर कोड तेवढे आम्ही सर्वांनी उचलून धरले. पण पारितोषिक देणाऱ्यांनी सांगितलेल्या हकिकतीत त्याआधीची एक गोष्ट आहे: मुलांची घरची भाषा कानडी आणि पुस्तके दुसऱ्या भाषेत, हे त्यांस प्रथम दिसले, त्यांनी मजकूर मुलांच्या भाषेत आणला, आणि कोड त्या पुस्तकांत घातले. व्याख्यानात आम्ही कोडापासून पुढे बोललो होतो.

निघताना आम्ही त्याला म्हणालो, “तुझा वर्ग पाहावयास येऊ का?” तो दचकला, त्यास ती तपासणी वाटली असावी. “शिकायला येतो,” असे म्हणावे लागले, आणि ते म्हणताना जीभ थोडी जड झाली.

महिन्याभराने गेलो. ओसरीत आमच्यासमोर एक मुलगा पुस्तक घेऊन बसला. त्याने अर्धे पान वाचले आणि ऐकण्यासाठी मान पुढे केली. मोबाईलमधून काहीच आवाज येईना. मुलाने पडद्यात डोकावून पाहिले.

“सर, तुम्ही लाल दाबलेच नाही,” तो म्हणाला, आणि त्याने पुस्तक पुन्हा पहिल्या ओळीपासून उघडले.