नकार देता यायला हवा

आज हवाई रुग्णवाहिकेच्या प्रशिक्षणवर्गात पुन्हा बजावलं : पंखा फिरत असताना हेलिकॉप्टरकडे समोरूनच जायचं, पायलटच्या नजरेत राहून, त्यानं खूण केल्यावर. शेपटीकडे पाऊलही टाकायचं नाही. मागचा पंखा वेगात असला की दिसतच नाही.

१०८च्या रुग्णवाहिकेवर काम केलेली ही मुलं जमिनीवर तरबेज आहेत. पण वर गेलं की शरीराचं गणित बदलतं. ८,००० फुटांवरच्या दाबाला कोंडलेली हवा सुमारे एक तृतीयांशानं फुगते. फुप्फुसाबाहेर साठलेली थोडीशी हवा, जी खाली निरुपद्रवी वाटली होती, तीच जीवावर उठू शकते. श्वासनलिकेतल्या नळीच्या फुग्याचा दाब पुन्हा पुन्हा मोजावा लागतो. इंजिनाच्या आवाजात स्टेथोस्कोप जवळपास निकामी. म्हणून शक्य ते सगळं उड्डाणाआधीच उरकायचं.

सगळ्यात अवघड धडा मात्र नकाराचा. अनेक हवाई सेवांची रीत आहे : निघायला सगळ्यांचा होकार हवा, थांबायला एकाचा नकार पुरे. आपल्याकडे वरिष्ठांपुढे तोंड उघडायची सवय नसते. म्हणून ‘सर, मला हे सुरक्षित वाटत नाही’ हे वाक्य मी प्रत्येकाकडून मोठ्यानं म्हणवून घेते. हवामानाचा निर्णय होईपर्यंत पायलटला रुग्णाची अवस्था न सांगण्याची पद्धतही मला पूर्ण पटते. लहान मूल अत्यवस्थ आहे हे कळलं, की ढग पातळ वाटू लागतात.

हवाई रुग्णवाहिका सुरू करणाऱ्यांना कळकळीची विनंती : यंत्राच्या किमतीबरोबर या मुलांच्या प्रशिक्षणाचाही खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.