मास्तरांचे हात

मास्तरकीचा धंदा मोठा निर्धास्त आहे. गेली वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवीत आहे. एखाद्या विद्यार्थ्याने केशवसुतांच्या कवितेचा भलताच अर्थ लावला, तरी केशवसुतांना काही इजा होत नाही. मी लाल शाईची एक रेघ ओढतो आणि पोरगा पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसतो. चूक करायची मुभा हाच आमच्या शिक्षणाचा पाया. पण जिथे ही मुभाच नाही, तिथे शिकवायचे कसे? हा प्रश्न गेल्या वर्षी माझ्या डोक्यात आला तो माझ्या भाचीमुळे.

भाची डॉक्टर आहे. एम.बी.बी.एस. झाली, मग रेडिऑलॉजीत एम.डी. झाली, मग त्यातल्याच एका शाखेत आणखी दोन वर्षे घातली. आणि एवढे शिकून पोट भरले नाही म्हणून टोरांटोच्या एका मुलांच्या रुग्णालयात एक वर्षाच्या फेलोशिपला गेली. विषय, पीडिअ‍ॅट्रिक इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजी. हे नाव आमच्या ताईला, म्हणजे तिच्या आईला, अजून एका दमात म्हणता येत नाही. शेजारच्या काकू विचारतात तेव्हा ती "लहान मुलांच्या फोटोचं काहीतरी आहे" असे सांगून मोकळी होते.

फोटोच, पण निराळा. १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधल्यापासून कित्येक वर्षे या शाखेचे डॉक्टर नुसते पाहत आले. पाहायचे, काय दिसले ते लिहायचे आणि कागद सर्जनकडे पाठवायचा. मग १९५३ साली सेल्डिंगर नावाच्या स्वीडनमधल्या तरुण डॉक्टरने एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. रक्तवाहिनीत सुई घालायची, सुईतून लवचीक तार सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून बारीक नळी आत ओवायची. सेफ्टी पिनने परकरात नाडी ओवणाऱ्या कोणाही बाईला हे चटकन समजेल. अकरा वर्षांनी, १६ जानेवारी १९६४ रोजी, अमेरिकेत पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी या वाटेने जाऊन एका वृद्धेच्या पायातली अरुंद झालेली रोहिणी मोकळी केली. तिचा पाय कापावा असा सर्जनांचा सल्ला होता आणि ती कापू देत नव्हती. पुढे ती शेवटपर्यंत आपल्या दोन्ही पायांवर चालली. त्या बाईचे वय होते ८२. आणि २०२३ च्या मार्चमध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी आईच्या पोटातल्या ३४ आठवड्यांच्या गर्भाच्या मेंदूतली सदोष रक्तवाहिनी, सुई आणि नळी यांच्याच साहाय्याने, तारेची बारीक वेटोळी भरून बंद केली! सुरी न चालवता, फोटोत पाहत पाहत आत जाऊन उपचार करायचे, असे हे शास्त्र.

हे सगळे मी ताईला रंगवून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "म्हणजे ही पोरगी तिथे कोणाच्या तरी लेकरावर हात बसवणार?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हा दर रविवारी सकाळी, म्हणजे तिच्या शनिवारच्या रात्री, मी भाचीला फोनवर विचारू लागलो. वर्षभरात जे हाती लागले ते असे.

पहिला धडा म्हणजे, मूल हा लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सारे मिळून सुमारे अडीचशे मिलिलिटर रक्त असते; आपल्या घरच्या दोन कप चहाएवढे. नळी धुवायला आत सोडलेले पाणीसुद्धा तिथे मोजावे लागते. फोटोत शिरा दिसाव्यात म्हणून द्यायचे औषध वजनाच्या हिशेबाने ठरते. बाळाचे अंग फार लवकर गार पडते, म्हणून खोली उबदार ठेवतात. वर शिशाचा जड एप्रन घातलेले डॉक्टर घामाने निथळतात. आणि बाजारात मिळणारी बहुतेक सामग्री मोठ्यांच्या मापाची. नळ्यांची जाडी अजून 'फ्रेंच' या मापाने मोजतात. पॅरिसच्या शारिएर नावाच्या हत्यारे बनवणाऱ्याने एकोणिसाव्या शतकात घालून दिलेले हे माप. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. मोठ्या माणसाला जी नळी बारीक, तीच बाळाच्या शिरेला बोळा बसल्यासारखी होते.

दुसरा धडा पायाचा. क्ष-किरण चालू-बंद करायची कळ डॉक्टरच्या पायाखाली असते. पाय दाबलेला असेतो पडद्यावर चित्र दिसते आणि तोवर मुलाला किरण लागत राहतात. मुलाच्या पेशी वाढीच्या घाईत असतात आणि त्याचे सारे आयुष्य पुढे असते, म्हणून त्याला या किरणांचा धोका मोठ्यांपेक्षा अधिक. २००८ साली अमेरिकेत या कामी एक मोहीमच सुरू झाली. जे सोनोग्राफीने दिसेल ते किरणांनी पाहू नये, आणि किरण लागलेच तर थेंबाथेंबाने वापरावेत. "मामा, पहिले दोन महिने सर मला एवढंच सांगत होते, पाय उचल, पाय उचल!" भाची म्हणाली. पाहायला शिकलेल्या माणसाला, पुरेसे पाहून झाले आता थांब, हे शिकवणे किती कठीण असते ते मला ठाऊक आहे. आमच्याकडेही मुले पानेच्या पाने लिहीत सुटतात.

तिसरा धडा ऐकून मात्र मला मास्तर म्हणून धन्यता वाटली, कारण तो शब्दांचा आहे. बाळाच्या अंगावर लाल-निळी गाठ दिसली की पूर्वी सरसकट एकच नाव देत. १९८२ साली मुलिकन आणि ग्लोवाकी या दोघांनी त्यांत दोन जाती वेगळ्या केल्या. एक गाठ जन्मानंतर भराभर वाढते आणि पुढे बहुधा आपोआप ओसरते. दुसरी म्हणजे रक्तवाहिन्यांच्या घडणीतलाच दोष. ती मुलाबरोबर वाढत जाते आणि आपण होऊन जात नाही. पहिलीला सहसा सुई लावायचीच नसते. गरज पडली तर प्रोप्रॅनोलॉल नावाचे, मूळचे हृदयविकाराचे, औषध तोंडाने देतात; त्याचा हा गुण २००८ साली फ्रान्समध्ये ध्यानात आला. दुसरीत मात्र सुईने आत औषध सोडून ती आकसवावी लागते, तेही पुन्हा पुन्हा. नाव चुकले की उपचार चुकला. दर आठवड्याला सर्जन, त्वचेचे डॉक्टर, रक्ताचे डॉक्टर असे सगळे एकत्र बसून एकेका मुलाच्या गाठीला योग्य नाव देतात, आणि त्या बैठकीत फेलोने तोंड उघडावे अशी अपेक्षा असते. सुई कशी धरावी याच्याइतकेच, कधी धरू नये हेही त्या वर्षात शिकायचे.

आता ताईचा प्रश्न. हात बसतो कसा? आरंभी कोंबडीच्या मांसात ऑलिव्हचे फळ दडवतात आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुईने ते गाठायचे. (ताई शाकाहारी आहे. तिला हे अजून सांगितलेले नाही.) मग कित्येक दिवस सरांच्या शेजारी उभे राहून तारेचे मागले टोक तेवढे सांभाळायचे. मग सोपी कामे: ज्या मुलाला आठवडेच्या आठवडे शिरेतून औषध द्यायचे आहे, त्याच्या दंडातून हृदयाजवळ जाणारी नळी घालायची, म्हणजे रोजची टोचाटोची वाचते. भाचीच्या हातावर आधी सरांचा हात असे. नंतर तो हात शेजारी आला. हिवाळा संपता संपता तिच्या ध्यानात आले की, सर मागे सरकून दोन्ही हात पाठीशी बांधून उभे आहेत. "मामा, त्यांचे हात रिकामे नव्हते हं. ते हात आवरून धरत होते. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त घाम आला होता."

हे मला चांगले समजले. विद्यार्थी अडखळला की आपण पुढे होऊन वाक्य पुरे करावे, ही मास्तराची जन्माची खोड. पण तिथे गप्प राहणाऱ्या मास्तराने क्षणार्धात तार हाती घेण्याचीही तयारी ठेवायची असते.

एवढे सांगूनही ताईचा प्रश्न संपला नाही. त्याचे उत्तर भाचीने मे महिन्यात दिले. चार वर्षांच्या एका मुलाच्या मानेवर मोठी गाठ होती. फॉर्मवर सही करण्यापूर्वी त्याच्या आईने विचारले, "हे तुम्ही करणार की मोठे डॉक्टर?" भाचीने खरे ते सांगितले. मी करणार, सर शेजारी असतील, वाटले तर ते हातात घेतील. आई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "नको. त्यांनाच करू द्या." सरांनी केले. भाचीने तारेचे मागले टोक सांभाळले.

"तुला वाईट वाटलं का गं?" ताईने फोनवर विचारले.

"नाही आई. मीही हेच म्हटलं असतं. पण पुढच्या गुरुवारी तशीच गाठ असलेली एक मुलगी आली. तिच्या आईलाही मी तेच सांगितलं. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि सही केली."

ताई काही बोलली नाही. फोन ठेवून झाल्यावर मात्र म्हणाली, "त्या दुसऱ्या बाईचं देणं लागतो आपण."

आपल्याकडे गुरूच्या ऋणाच्या गोष्टी पुष्कळ आहेत. पण सगळी विद्या काही गुरूकडे नसते. तिचा एक मोठा वाटा त्या टेबलावर भूल देऊन निजवलेल्या मुलाकडून येतो, आणि बाहेर बाकावर पर्स घट्ट धरून बसलेल्या त्याच्या आईकडून. नाही म्हणणारी आईही त्यात आली. खरे बोलून नकार ऐकून घ्यायचा धडा तिने दिला. माझ्या ओळखीच्या प्रत्येक निष्णात डॉक्टरचा हात अशाच कोणाच्या तरी परवानगीने बसलेला आहे, आणि देणाऱ्यांची नावे कुठल्याही प्रमाणपत्रावर छापलेली नाहीत.

भाची आता मुंबईला परतली आहे. लवकरच तिच्याही हाताखाली कोणी शिकायला येईल, आणि हात पाठीशी बांधून उभे राहण्याची पाळी तिच्यावर येईल. वाचकांपैकी कोणावर असा फॉर्म सही करण्याची वेळ येऊ नये. आलीच, तर "कोण करणार?" असे जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे. समोरचा तरुण डॉक्टर नजर न चुकवता खरे काय ते सांगत असेल आणि त्याचे सर शेजारी उभे असतील, तर होय म्हणण्यापूर्वी किंवा नाही म्हणण्यापूर्वी त्याच्याकडे एकदा नीट पाहा. एवढेच ताईचे सांगणे आहे.